दोन हातांमधलं घासणं

आये,

काल शेडमध्ये जे झालं ते तुला सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर आधी त्या मंगळवारचं बोलावं लागेल. तू गेलीस त्याला आठ वर्षं झाली. त्या दिवसानंतर तू जाईपर्यंत दोन वर्षं आपण एकाच चुलीसमोर बसून जेवलो, पण त्या मंगळवारचा विषय ना तू काढलास ना मी.

बोईसरच्या त्या शेडमध्ये तू मला कामाला लावलंस तेव्हा मी बावीस वर्षांची होते. व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चाकं तू हाताने रंगवायचीस. आधी तांबडा रेड ऑक्साइड, मग निळ्या रंगाचे दोन हात, त्यावर उघड-बंद दाखवणारा पांढरा बाण आणि शेवटी वार्निश. प्रत्येक हात वाळला की वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचं, पुसायचं, मगच पुढचा हात. मला वाटायचं, रंग लावायचा आणि लगेच खरवडायचा, हे कसलं काम! तू म्हणायचीस, "चमक मरली पायजे. चकचकीत अंगावर दुसरा हात बसत नाय. वरून दिसतो, पन धरत नाय."

त्या मंगळवारी तुला ताप होता. उमरोळीच्या डॉक्टरकडे जाताना तू दारातून सांगितलंस, "चालीस चाकं हायत. सगली घास, मंगच बाण काढ." मला तीन वाजता पालघरला टायपिंगच्या परीक्षेला पोचायचं होतं. पास झाले की शेड सुटणार होती, कुठल्यातरी कचेरीत पंख्याखाली बसायला मिळणार होतं. मी आठ चाकं नीट घासली आणि ती पुढच्या रांगेत मांडली. उरलेल्या बत्तिसांवरून नुसतं ओलं फडकं फिरवलं, आणि बाण काढून निघाले. दुसऱ्या दिवशी वार्निशचा डबा उघडताना तू विचारलंस, "घासली सगली?" मी हो म्हटलं. तू पुढच्या रांगेतलं एक चाक हातात घेऊन पाहिलंस आणि वार्निश लावायला बसलीस.

अडीच महिन्यांनी खोकं परत आलं. शेठ दारात उभे आहेत, त्यांच्या हातात चाक आहे, आणि चाकावर बाण नाही. केळीची साल निघावी तसा तो वार्निशसकट निघून गेलाय. ते व्हॉल्व्ह उलट्या फिरकीचे होते, सगळी भिस्त बाणावर. ज्या कारखान्यात चाकं गेली तिथल्या कामगाराने बंद करायला म्हणून चाक फिरवलं, ते उघडलं, आणि वाफेने त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. "कोणाचं काम हे?" शेठ विचारतात. तू चाक घेतेस, नखाने कडेला उरलेला पांढरा तुकडा उचलून बघतेस. मग एकदा माझ्याकडे बघतेस. मी माझ्या चपलांकडे बघते आहे.

"माजंच, शेठ," तू म्हणतेस. "घासायचं राह्यलं."

दुसऱ्या दिवसापासून तुला बाहेर पत्र्याखाली, कच्च्या लोखंडाचा गंज काढायला बसवलं. तुझ्या हातात ब्रश पुन्हा आला नाही. त्या संध्याकाळी तू ते चाक पिशवीतून घरी आणलंस. चुलीपुढे माझ्यासमोर ठेवलंस, वाटीत पाणी आणि वॉटर पेपर दिलास. "घास," एवढंच म्हणालीस. मी घासत राहिले. निळा गेला, तांबडा गेला, खालचं लोखंड दिसायला लागलं. तू भाकऱ्या थापत होतीस, पाठ माझ्याकडे. मी "आये" म्हटलं, तर तू म्हणालीस, "जेव आता, भाकर निवते." खरं सांगते, तू "माजंच" म्हणालीस तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. लाज नंतर आली, बऱ्याच नंतर. त्या भाजलेल्या माणसाची चौकशीही मी कधी केली नाही.

टायपिंगमध्ये मी नापास झाले, ते तुला माहीत आहे. आता रंगाचं काम माझ्याच देखरेखीखाली चालतं. काल साठ चाकं खोक्यात भरून झाली होती, टेम्पो फाटकात उभा. मी सहज एका बाणाच्या टोकाला नख लावलं. उचललं गेलं. दुसऱ्याचंही. पाचव्या चाकानंतर मी खोकं फाटकापासून मागे ओढलं.

धाकटे शेठ म्हणाले, "ताई, वरून तर चांगलं दिसतंय. जाऊ दे ना."

"नाही जाणार."

"मग सांगा कोणी केलं. आजच घरी बसवतो."

सात बायका भिंतीशी उभ्या होत्या. बाण कोणाचे ते मला हाताच्या वळणावरूनच कळलं होतं. नाव घ्यावं, की तुझ्यासारखं माझ्यावर घ्यावं? तेवढ्यात ते बाण काढणारी स्वतःच पुढे आली. डोंगराकडच्या पाड्यावरून येते, आठ महिने झालेत कामाला. "शेठ, मीच. सुट्टीच्या आधी उरकायचं होतं. नाय घासलं."

मी म्हटलं, "टेम्पो परत पाठवा. आम्ही सगळ्या मिळून साठही घासतो. हिला काढणार असाल तर उद्यापासून मीही येत नाही." शेठ ऑफिसात गेले. थोड्या वेळाने रिकामा टेम्पो निघून गेल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मी खाली बसले.

मग पाण्याच्या पिंपाजवळ गोल करून आम्ही घासायला लागलो. मी तिला विचारलं, "एवढ्या जणांसमोर बोललीस कशी?"

ती म्हणाली, "तुमीच सांगता ना ताई. तुमच्या आयेकडून एकदा घासायचं राह्यलं, आन ती शेठच्या समोर उभी राहून बोलली. मला वाटलं, तिला जमलं तर मला बी जमंल."

आये, कामावर येणाऱ्या प्रत्येक बाईला मी पहिल्याच दिवशी ही गोष्ट सांगते. तिच्यात घासायचं विसरतेस तू, आणि कबूल करतेस तूच. मी त्या गोष्टीत कुठेच नाही. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून इथे लिहिता तरी येतंय. काल सात जणी ऐकत होत्या, सगळ्यांचे हात थांबले होते, आणि खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "पाणी बदला गं, गढूळ झालंय."