दोन पिना, दोन पंप

१० मार्च, सोमवार

प्रिय ठमे,

तुझे गुडघे आणि तुझी मांजर, दोघांची खुशाली कळव. आमच्याकडे सगळं ठीक.

काल शिवणाचा डबा उपसताना जुन्या सेफ्टी पिना सापडल्या आणि शाळेतली ती कवायत आठवली. पेटीकोटला दोन पिना हव्यातच, असा आपल्या कॉन्व्हेंटच्या मदरचा दंडक. एक सुटली तरी अब्रू शाबूत. त्या सकाळी तुझ्या दोन्ही पिना घट्ट होत्या, पण एकाच कुजक्या इलॅस्टिकला टोचलेल्या. इलॅस्टिक तुटलं. तू पेटीकोटमधून पाय काढलेस, त्याची घडी घालून काखेत मारलीस आणि लेफ्ट-राइट करत पुढे गेलीस. मान खाली घातली ती मी, मागच्या रांगेत.

विमानाचा विषय तुला नको असतो, ठाऊक आहे. तरी वाच.

तुझ्या भावोजींनी गॅरेजमध्ये बांधलेल्या या विमानाचं इंजिन एका जुन्या मोटारीतलं आहे, रोटरी. त्यात दट्ट्या वर-खाली होत नाही, एक तिकोनी तुकडा गोल फिरतो. अंगाने लहान, आवाजाने थोरलं आणि पेट्रोल पितं ते आपली आत्या चहा प्यायची तसं. पेट्रोल आलं नाही की तिथल्या तिथे बंद. म्हणून पंप दोन.

गेल्या महिन्यात विमान दोरखंडांनी बांधून चाचणी घेतली. पहिला पंप एकटा चालवला, ठीक. दुसरा एकटा, तोही ठीक. मग दोन्ही लावून इंजिन पूर्ण जोरात सोडलं, तर थोड्या वेळाने त्याने उचकी दिली आणि गप्प.

"दोन्ही पंप धडधाकट आहेत," भावोजी म्हणाले.

"पिनाही धडधाकटच होत्या," मी म्हणाले.

मला ऊन लागलं असं त्यांना वाटलं. मग सगळी गोष्ट सांगावी लागली, तुझी अब्रू गेली ती गेलीच. ते हसत हसत जमिनीवर बसले, मध्येच थांबले आणि विमानाखाली शिरले. दोन्ही पंप एकाच गाळणीतून पेट्रोल ओढत होते, आणि टाकी बांधताना आत राहिलेल्या बारीक कचऱ्याने ती गाळणी तुंबली होती.

"तुझ्या बहिणीला सांग," ते खालूनच म्हणाले, "तिचे उपकार झाले."

"तुम्हीच सांगा. माझ्याशी तरी कुठे धड बोलते ती?"

आता भावाभावांची वाटणी व्हावी तसं झालं आहे. प्रत्येक पंपाला स्वतःची टाकी, गाळणी, नळी, बॅटरी. मी आळीपाळीने एकेक बंद करून पाहिला, गाळण्या पुन्हा पुन्हा उघडल्या. स्वच्छ.

येत्या रविवारी सकाळी पहिलं उड्डाण. पहिल्या खेपेला आत एकच माणूस बसतो.

तू फोनवर म्हणाली होतीस, "त्या माणसाला आवर, नाहीतर तुम्हा दोघांचं तोंड बघणार नाही." आवरलं गं. छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्यांना विमान चालवायची बंदीच केली. हे वाचून तू सुटकेचा श्वास टाकशील, म्हणून पुढचं वाक्य लिहायला मला इतका वेळ लागला.

चालवणार आहे मी.

दोन वर्षं शिकले, परवाना मिळाला. तुला सांगायचे, पोहायला जाते. भीती वाटते का? वाटते. पण चाकं जमीन सोडतात ना, तेव्हा मला कवायतीतली तू आठवतेस, काखेत घडी घेऊन निघालेली.

रविवारी ये. धावपट्टीच्या कुंपणाशी भावोजींजवळ उभी राहा. मी उतरेपर्यंत त्यांना भांडायला कोणीतरी लागेल, आणि त्यात तुझा हात कोण धरणार?

आता कोणाला काय ते. मी उतरले नाही तर शिवणयंत्र तुला, तेलासकट. मोत्यांचे डूल सूनबाईला. तिला आवडत नाहीत, तरी तिलाच. भावोजींचा हरवलेला मोठा पाना कपाटामागे आहे, मीच लपवला होता, तो त्यांना दे. माझा निळा स्वेटर त्यांच्याच खुर्चीवर राहू दे. उतरले तर कोणाला काही मिळायचं नाही, आशेवर राहू नका.

राहिल्या पिना. एक या पाकिटात घातली आहे, ती तुला. दुसरी मी कॉलरला लावून जाणार आहे. या वेळी दोघी वेगवेगळ्या कापडाला.

तुझीच,
ताई