दोन थापा

सोमवार, ५ जानेवारी
यादी आली. ज्यूदोच्या ऑलिंपिक कोट्याच्या यादीत आशू अजून माझ्या वरच. मे महिन्यात काविळीने गेली, आठ दिवसांत खलास, आणि जानेवारी उजाडला तरी ही बाई माझ्या डोक्यावर बसून आहे. जिवंत असताना ती ४८ किलोची, मी ५७ ची, म्हणजे आमची खरी लढत कधी लागलीच नाही. आता दर सोमवारी लागते आणि ती जिंकते.
प्रॅक्टिस बरी. डावा खांदा दुखतो. बाबांनी प्रॅ.चा पांढरा ड्रेस गच्चीवर वाळत घातला, त्यावर सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी बसली. पुन्हा धुणं.

बुधवार, ७ जानेवारी
सरांनी आज हॉलमध्ये सगळ्यांना बसवून समजावलं. ऑलिंपिकला जायचे रस्ते दोन. एक, आपल्या वजनात जगाच्या यादीत अगदी वर असणं. ते तुमच्यापैकी कोणाचं काम नाही, असं तोंडावर म्हणाले. दुसरा, खंडाचा कोटा. त्यात सगळी वजनं एकाच रांगेत, आणि एका देशाचं एकच माणूस. देशातून जो सर्वात वर, तो जाईल. बाहेरच्या स्पर्धेत लढून पॉइंट मिळवायचे. ते वर्षभर पूर्ण, दुसऱ्या वर्षी अर्धे, मग शून्य.
सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आपल्या देशातून त्या रांगेत पहिली आशू, मग मी, मग बराच वेळ कोणी नाही. आशूचे पॉइंट मागच्या मार्चमधले, ताश्कंदचे. तिथे मी पहिल्याच लढतीत घरी.
नंतर सरांनी बाजूला घेतलं. "आशू का नाम हटवाना पड़ेगा बेटा. चिट्ठी के साथ डेथ सर्टिफिकेट लगेगा. आख़िर में कुछ गड़बड़ हुई तो तेरी जगह गई. तू तो हर सोमवार उनके घर जाती है, तू ही ले आ."
हव म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

सोमवार, १२ जानेवारी
बुढापाऱ्यात आशूच्या आईकडे, काकूंकडे. आशू गेल्यापासून एकट्याच असतात. दार उघडल्यावर आत ये नाही, बस नाही, आधी प्रश्न.
"नाव हाय ना वं आज?"
आहे म्हटलं. मोबाइलवर यादी मोठी करून दाखवली. इंग्रजी वाचता येत नाही त्यांना, पण आशूच्या नावाचा आकार आता ओळखतात. काचेला बोट लावत नाहीत, पुसलं जाईल अशी भीती असावी.
मग तांदळाच्या पिठाचा चीला करता करता सांगत होत्या. रेशन कार्डातून नाव काढलं, बँकेतून काढलं, कॉलेजवाल्यांनी काढलं. प्रत्येक ठिकाणी त्यांनाच जाऊन कागद द्यावा लागला. आता हे एकच ठिकाण उरलं, जिथे कोणी कागद मागितला नाही.
अर्धा चीला ताटातच ठेवला. वजनाचं निमित्त सांगून उठले.

शनिवार, १७ जानेवारी
लिहू की नको.
पडताना हात गादीवर एकदा आपटायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. आशू दोनदा आपटायची. एक जोरात, लगेच मागून एक हळू. सर ओरडायचे, कारण ज्यूदोत दोन थापा म्हणजे हरले, सोड. तिला सांगून काही उपयोग नव्हता. म्हणायची, "पयली पडल्याची, दुसरी उठल्याची."
आज सगळ्या गेल्यावर मी एकटीच पडण्याचा सराव करत होते. माझी थाप पडली. मागून एक हळू आली.
वळून पाहिलं. गादी आणि खिडकी. दुसरं कोणी नाही.
बाबांना सांगितलं नाही. ते विहारात जाऊन बस म्हणतील.

सोमवार, २६ जानेवारी
झेंडावंदनाला सरांनी पुन्हा सर्टिफिकेट विचारलं. म्हटलं, काकू गावाला गेल्यात, अभनपूरला, भावाकडे. सफाईने निघालं तोंडातून. ही एक थाप. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे कळतं मला. पण त्या बाईला कागद मागायचा कसा?
काकूंकडे गेले. नाव आहे.

सोमवार, २ फेब्रुवारी
आज काकूंनी स्वतःच विचारलं, तू तिच्या वर कधी जाशील. खोटं बोलवेना. मार्चमध्ये आशूचे पॉइंट अर्धे होतील, तेव्हा मी आपोआप वर, असं सांगितलं. म्हणजे पॉइंटचं वर्षश्राद्ध तिच्या वर्षश्राद्धाच्या आधी.
काकूंनी निवडत्या तांदळातला एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "झोपल्या माणसाले वलांडू नये वं. जाशीन तं जिकून जा."
लहानपणी आईही तेच सांगायची. चुकून ओलांडलं तर पुन्हा उलटं ओलांडून मागे यायचं, नाहीतर झोपलेल्याची वाढ खुंटते. आशूची वाढ कशाने खुंटणार आता? पण लागलं ते लागलंच.
या महिन्यात हाँगकाँग आहे. तिथे मेडल मिळालं तर अर्ध्या-बिर्ध्याची वाट बघायला नको. सरळ जिंकून वर.

रविवार, १५ फेब्रुवारी. हाँगकाँग
हरले.
पहिली लढत छान जिंकली. दुसरीत कझाक मुलगी. तिला खाली घेतलं, पाठ टेकवली, वरून दाबून धरलं. वीस सेकंद धरायचं की संपलं. घड्याळ चालू झालं. माझी पकड पक्की होती, तिचा श्वास माझ्या कानात येत होता. ही जिंकली की मेडलची लढत, आणि मेडल म्हणजे आशूच्या वर.
आणि दोन थापा. एक जोरात, एक हळू.
मी सोडलं.
पंच काही बोललेच नव्हते. ती सुटली, उठली, आणि मला कळायच्या आत मी आडवी होते. मी हात आपटला. एकदाच.
नंतर वॉर्मअपच्या जागी तिला खुणेनं विचारलं, तू हात आपटलास का? तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. सर एकच विचारत होते, "छोड़ा क्यों?" हात घामाने निसटला म्हटलं. ही दुसरी थाप. आशू ऐकत असेल तर हसली असेल, तिला असले पाचकळ विनोद आवडायचे.
आशू, मी जिंकत होते गं. तू असं का केलंस.

सोमवार, १६ मार्च
यादी आली. तिचे अर्धे झाले. मी वर, ती माझ्या खाली. मी आज काय केलं? सकाळी दात घासले, चहा प्यायला, वर गेले. आयत्या बिळावर नागोबा.
सर खूश. आता कागदाची घाई नाही म्हणाले, देशातून वर तूच आहेस. खाली घसरलीस तर बघू.
बुढापाऱ्यात गेले नाही. पहिलाच सोमवार चुकला. संध्याकाळी काकूंचा फोन वाजला, वाजू दिला.

मंगळवार, १७ मार्च
हॉलमध्ये सगळ्यांच्या मागे उभी राहते, भिंतीला टेकून. इतके दिवस आशू वर होती म्हणजे समोर होती, दिसत होती. आता मागे आहे. ज्यूदोत मागे कोणी असलेलं मला कधीच सोसलं नाही.

सोमवार, २३ मार्च
गेले शेवटी.
"नाव हाय ना वं?"
"आहे. खाली गेलं."
काकूंनी मोबाइल घेतला. स्वतःच शोधलं, सापडलं, तसाच धरून बसल्या. मग मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं. हॉलमधली थाप, हाँगकाँगची पकड, सरांना मारलेल्या दोन्ही थापा. मेडल हातात होतं आणि मी सोडलं, ओलांडून आले, तुम्ही नको म्हणाला होतात तरी.
काकूंनी एकच विचारलं, "दुसरी हळू होती का?"
हो म्हटलं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. वाटलं आता यांनाही रडवलं मी. पण वळल्या तेव्हा चेहरा वेगळाच होता.
"मी अभनपूरले गेली होती म्हने. भाऊ तं माया नागपूरले राह्यते."
सरांनी त्यांनाही जानेवारीतच फोन केला होता. सगळं माहीत होतं, आणि दर सोमवारी मला चीला खाऊ घालत होत्या! उठून कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला, माझ्यासमोर ठेवला.
"हे तयार हाय. पन तू वर राह्यली तं कोनाले लागत नाही ना?"
"नाही."
"मंग वर राय. अजून एक वर्ष तिचं नाव राहीन."
कागद परत कपाटात गेला.

शुक्रवार, २७ मार्च
काकूंना एक गोष्ट सांगितली नाही. माझे बरेचसे पॉइंट मागच्या जूनमधले आहेत. या जूनमध्ये तेही अर्धे. त्याआधी कुठेतरी जिंकले नाही तर मी पुन्हा आशूच्या खाली, आणि सर बुढापाऱ्यात कागद मागायला.
म्हणजे तिचं नाव ठेवायचं तर मला तिच्या पुढेच राहायला हवं. मी तिला ओलांडायला घाबरत होते, आणि आता मागे यायची सोय नाही.
एप्रिलमध्ये पुन्हा ताश्कंद. मागच्या वर्षी गेलो तेव्हा विमानात खिडकीसाठी भांडलो होतो. तिनेच घेतली.

सोमवार, १३ एप्रिल
उद्या निघायचं. वजन किंचित जास्त आहे, उतरेल. खांदा तसाच. सर म्हणाले, पकडलं की घंटा वाजेपर्यंत सोडायचं नाही, छत कोसळलं तरी. हव म्हटलं. पण तिथे पुन्हा दोन थापा ऐकू आल्या तर? समोरची खरंच हरलेली असली आणि मी धरूनच ठेवलं तर तिचा हात मोडेल. हे कोणाला विचारू.
सकाळच्या प्रॅ.त मुद्दाम एकटी पडून पाहिलं. माझी थाप. मग थांबले, बराच वेळ थांबले. काही आलं नाही. ते जास्त वाईट वाटलं.
बॅग भरायची होती म्हणून बुढापाऱ्यात जाता आलं नाही. काकूंनीच फोन केला.
"नाव हाय ना?"
"आहे काकू. माझ्या खालीच, लगेच."
ठेवतील म्हणून मी मोबाइल कानापासून काढत होते. इतक्या महिन्यांत कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.
"अन् तुयं?"
आहे म्हटलं. अजून आहे.