अखंड धाग्याचा रुमाल

३ फेब्रुवारी, मंगळवार

आधी एक दुरुस्ती. २७ जानेवारीच्या पानावर मी लिहिलंय की मी धागा कापला तेव्हा ताई झोपली होती. ते खोटं आहे. ताई जागी होती. उशीला टेकून माझ्याकडेच बघत होती.

पान फाडणार नाही. आम्हा दोघींची पहिली शाळा आईच्या स्वयंपाकघरात भरली. चुकलेलं पुसायचं नाही, शेजारी बरोबर लिहायचं, अशी तिची शिस्त. म्हणून पुन्हा लिहिते, झालं तसं.

गेल्या मे महिन्यातली, ताई आजारपणात जायच्या नऊ दिवस आधीची दुपार. टॅटिंगचा, म्हणजे गाठींच्या लेसचा, गोल रुमाल तिच्या मांडीवर, पाचवी फेरी चालू. बोटं सुन्न झाली म्हणून तिने तो माझ्याकडे दिला. "ही कडी तू घाल." टॅटिंगमध्ये प्रत्येक गाठ हातातल्या हातात उलटवावी लागते, नाहीतर धागा अडकतो आणि गाठींची कडी आवळून गोल होत नाही. माझी एक गाठ उलटली नाही. मी ओढलं. अजून ओढलं. मग कात्री घेतली. कडी कापून टाकली, धाग्याला धागा बांधला, टोकं सुईने आत दडवली. ताईने सगळं पाहिलं. फक्त पाणी मागितलं.

बस. एवढंच झालं. पण तो रुमाल अखंड धाग्याचा आहे असं सगळ्यांना माहीत आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा टकटक. शटलच्या, म्हणजे धागा गुंडाळायच्या छोट्या होडीच्या, चोचीतून धागा सुटताना होते ती. दुपारी, ताईच्या खोलीतून. जाऊन पाहिलं. दोन्ही शटलं डब्यात, डब्याला झाकण.

आईने विचारलं, "तुला काही ऐकू आलं का गं?"

"नाही," म्हटलं.

हेही खोटं. नोंद करून ठेवते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

विणकामाच्या वर्गाच्या बाई घरी आल्या होत्या. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे, हातकामाचं. ताईचा रुमाल त्यांना मधोमध लावायचा आहे, काचेत.

आईने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. एरवी फेरी संपली की धागा कापून नव्याने सुरू करतात. ताईने दुभंग कडी शिकून घेतली — अर्धी एका शटलने, अर्धी दुसऱ्याने — म्हणजे न कापता वरच्या फेरीत चढता येतं. सुताराकडून दोन मोठी शटलं करवून घेतली, लांबच लांब धागा मावावा म्हणून. एकाच धाग्याची दोन टोकं दोन शटलांवर.

"पाच फेऱ्या झाल्या हो, पण एक काप नाही. माझ्या थोरलीने सोपी वाट कधी धरलीच नाही," आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "ही धाकटी. हिचा हात चांगला आहे, पण भित्री. भाजी चिरतानासुद्धा सुरीची माफी मागेल."

बाई हसल्या. मीही हसले. बाईंनी चिठ्ठीवर लिहून घेतलं — एकही काप नसलेला रुमाल. आई म्हणाली, "'एकही' ठळक छापा."

जाताना बाईंनी सांगितलं, २१ तारखेला सकाळी दहाला त्या स्वतः येऊन रुमाल धुणार, पाटावर टाचण्यांनी ताणणार. ओल्या कामावरून त्या बोट फिरवतात. कुठे टोक दडलंय ते त्यांना बोटाला कळतं. वर्गातल्या बायका त्यांना पोलीस म्हणतात.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर क्रोशा. टॅटिंगच्या कड्यांना क्रोशाची झालर जोडून पाहिली. दिसते बरी, पण दोन बायका एकमेकींशी न बोलता शेजारी बसल्यासारखी. मग कड्यांमधली जागा सुईने जाळी घालून भरून पाहिली. ते जमलं.

क्रोशात चुकलं तर टोक ओढायचं, सगळं सुरसुर उसवतं, पुन्हा घालायचं. टॅटिंगमध्ये आवळलेली कडी सुटत नाही. मी इतकी वर्षं टॅटिंगच का करते आहे कोण जाणे.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात तीन पँटा आखूड केल्या, एक अस्तर बदललं. शिंपीकाकांना प्रदर्शनाचं सांगितलं.

"अखंड धागा? गिऱ्हाइकांसमोर बोलू नकोस बाई. उद्या पँट पण अखंड मागतील."

मग म्हणाले, "तुझा चेहरा का उतरलाय? बक्षीस ताईला मिळालं तरी घरातच येणार की."

त्यांना वाटलं मला हेवा वाटतो. वाटायचा. तेही लिहिते. वाटायचा.

११ फेब्रुवारी, बुधवार

वर्गात बाईंनी टोक दडवायची नवी युक्ती शिकवली. सुई नाही. गाठी घालतानाच आत दुसऱ्या रंगाच्या धाग्याचा फास ठेवून द्यायचा. शेवटी टोक त्या फासात अडकवायचं आणि फास ओढून काढायचा. टोक गाठींच्या पोटातून सरकत जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त तेवढ्या चार-पाच गाठी बोटाला किंचित जाड लागतात.

"ही युक्ती येणाऱ्या फार थोड्या," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे मी आणि तुझी ताई."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

युक्तीच्या बारा कड्या केल्या. पाच फसल्या.

गाठ घालताना ताईची करंगळी बाहेर राहायची. माझी कधीच नाही. आज पाहिलं तर बाहेर होती. आत घेतली. तीन गाठींनंतर पुन्हा बाहेर. मग शटल खाली ठेवलं.

आई दारात उभी होती. "क्षणभर वाटलं..." म्हणाली आणि गेली.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगायचंच. आईला आधी, बाईंना नंतर. वाक्य ठरवलं आहे — "पाचव्या फेरीत मी कापला." सहा वेळा मोठ्याने म्हटलं, बाथरूममध्ये, नळ सोडून. आईसमोर गेले. ती बाईंनी पाठवलेली, रुमालाची छापील चिठ्ठी हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "बाकी काही राहिलं नाही गं. हे एक राहिलं." मी चहा करू का विचारलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आई बाजारात गेल्यावर रुमाल काढला. माझा काप कितपत लागतो ते पाहायचं होतं. कापड ओलं करून रुमालावर टेकवलं, डोळे मिटले आणि बोट मधल्या कडीपासून बाहेर नेत गेले. पहिली फेरी. दुसरी —

दुसऱ्या फेरीत बोट थांबलं. पाच गाठी. किंचित जाड.

पुन्हा फिरवलं. भिंग आणलं. उजेडात धरलं. गाठींच्या पोटात दुसरा धागा आहे, फासाने ओढलेला. सुई कुठेही लागलेली नाही.

दुसरी फेरी झाली तेव्हा मी रुमालाला हातही लावत नव्हते. फासाची युक्ती मला परवापर्यंत येत नव्हती.

ताईने कापला होता. माझ्या कितीतरी आधी. आणि आई प्रत्येक पाहुण्याला सांगायची तेव्हा ताई शेजारी बसून मान खाली घालून विणत राहायची. आम्हाला तो तिचा विनय वाटायचा.

म्हणजे त्या दुपारी ती माझ्यावर रागावून गप्प नव्हती. मी नऊ महिने ते डोळे रागाचे समजत होते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज टकटक नाही. दुपारभर कान लावून बसले. नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाईंच्या बोटाला दोन्ही काप लागणार, आणि आई समोर असणार. माझा एक सांगितला तरी दुसरा कोणाचा, हे आई विचारणारच.

या वहीत खरं लिहून ठेवते: दुसऱ्या फेरीतला ताईचा, पाचव्या फेरीतला माझा. आईला मात्र मी दोन्ही माझे म्हणून सांगेन — ताईच्या आजारपणात, लपूनछपून, तिचीच युक्ती पाहून पाहून. भित्र्या धाकटीने केलं, हे आईला पटेल. परवा पटवून देईन, अजून घोकायचंय — नाही, परवा शुक्रवार. शनिवारी. २१ तारखेला, सकाळी नऊला, बाई यायच्या आधी.