मागच्या दाराची खोली

मी, श्रीमती शैलजा यशवंत राईलकर, वय वर्षे एकाहत्तर, राहणार रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. इतकी वर्षं या घरची सून आहे, दडपण कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवायला नको. माझा मुलगा अनीश याने वकिलाकडून जो कागद तयार करून आणला होता, त्यावर मी सही केलेली नाही.

कलम १. राहतं घर आणि नारळी-सुपारीची वाडी माझ्या यजमानांनी माझ्या नावे केली. प्रेमापोटी नव्हे, भावांच्या घशात जाऊ नये म्हणून. ती दोन्ही मी अनीशला देते. वाडी तो शिंपणार नाही, तिथे पाहुण्यांसाठी झोपाळे बांधेल, हे मला ठाऊक आहे. बांधू दे.

कलम २. पाटल्या आणि मोहनमाळ माझी मुलगी नूतन हिला. ती कधी भांडली नाही, म्हणून तिच्या वाट्याला नेहमी कमीच आलं.

कलम ३. माझ्या कथा ज्या दिवाळी अंकांत आल्या ते अंक अनीशने पाहुण्यांना दिसावेत म्हणून काचेच्या कपाटात मांडले आहेत. त्यातली एकही कथा त्याने वाचलेली नाही. ते अंक त्यालाच ठेवते.

कलम ४. आता मागच्या दाराची खोली. हिच्याविषयी सविस्तर लिहिते, कारण भांडण हिच्यावरूनच होणार आहे.

घराला न चिकटलेली, विहिरीपलीकडची ही खोली बायकांनी बाजूला बसण्यासाठी बांधलेली होती. सासूबाई, कै. आनंदीबाई, फार कडक. महिन्याचे चार दिवस मी तिथे. स्वयंपाकाला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. चहा वरून ओतायचे, दूध संपलं की काळा. अपमान वाटायचा का? वाटायचा, अजून वाटतो. पण त्या चार दिवसांत मला कोणी हाक मारत नसे. कागदाला विटाळ होतो की नाही हे सासूबाईंनी कधी ठरवलं नव्हतं, आणि मी विचारायला गेले नाही. माझं जे काही छापून आलं, ते सगळं तिथे लिहिलेलं आहे. एखादी कथा अडली की मी खोटं सांगून पाचवा दिवसही मिळवत असे. सासूबाई म्हणायच्या, "हिला मेलीला औषध द्या काहीतरी."

पुढे पाळी थांबली. आळीतल्या बायका म्हणाल्या, सुटलीस बाई. मी रडले. कोणाला कळलं नाही का ते.

मग यजमानांकडे मी ती खोली मागितली. पंगतीला बसावं तसे मांडी घालून बसले होते, मान वरही केली नाही. म्हणाले, "वेगळी खोली कशाला हवी तुला? अख्खं घर तुझंच तर आहे." खोलीत सुपारीची पोती गेली. अख्ख्या घरात मी एक ओळ लिहू शकले नाही. लिहायला बसलं की कोणाला तरी चष्मा सापडत नसे.

ते गेल्यावर अनीशला म्हटलं, पोती काढ. त्याने काढली, लगेच. मला किती आनंद झाला होता, शी! त्याने तिथे एसी बसवला, पलंग टाकला, टेबल मांडलं, दारावर पाटी लावली: 'लेखिकेची खोली'. हातात पेन देऊन माझा फोटो काढला. मुंबईची माणसं भाडं भरून शनिवारी येतात आणि त्या टेबलावर बिअर ठेवतात.

ती खोली, तिच्याकडे जाणाऱ्या मागच्या वहिवाटीसह, मी माझी सून वल्लरी हिला एकटीला देते. आंबोळ्या घालता घालता ती एका हाताने मोबाईलवर लिहीत असते, आणि अनीशची हाक आली की मोबाईल कमरेला खोचते. काय लिहितेस, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायचं नसतं.

अटी अशा. पाटी काढावी. पलंग बाहेर काढावा, पलंग असला की पाहुणा येतोच. देव्हारा नको, नाहीतर दिवा लावायला कोणीतरी आत येईल. खिडकी वाडीकडे आहे तीच पुरे, स्वयंपाकघर दिसेल अशी नवी पाडू नये. कडी आतून हवी आणि ती घट्ट लागायला हवी. वल्लरीने काहीच लिहिलं नाही तरी खोली तिचीच. अनीशने यावर हरकत घेतल्यास अर्धी वाडी नूतनकडे जाईल.

कलम ५. हे मृत्युपत्र मी त्याच खोलीत बसून लिहीत आहे. दुसरा उपाय नव्हता. वल्लरीने परक्या नावाने शनिवार-रविवारचं बुकिंग केलं, भाडं मी भरलं. अनीशला वाटतं मी नूतनकडे पेणला गेले आहे.

आज सकाळी त्याने दारावर टकटक केली. "मॅडम, चहा पाठवू का?" आवाज ओळखेल म्हणून मी गप्प राहिले. मग तो हळूच म्हणाला, "लिहिताय वाटतं. सॉरी हं मॅडम, चालू द्या तुमचं." मी दाराच्या फटीतून पाहिलं, तर चपला हातात घेऊन, पाय न वाजवता निघून गेला.

माझा मुलगा इतकं हळू चालू शकतो, हे मला आज कळलं.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली. दोघं मागच्या वाटेने आली आणि त्यांना या मिळकतीतलं काहीही मिळणार नाही.

सही: शैलजा यशवंत राईलकर

साक्षीदार:
१. सुचिता मोरेश्वर वर्तक, शेजारीण
२. सदा धर्मा पाटील, वाडीवर नारळ-सुपारी उतरवणारे जुने पाडेकरी

स्थळ: रेवदंडा, माझी खोली, उद्या सकाळी दहापर्यंत
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५