घटातला गहू

शिरोळ,
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

श्री. आकारामराव यांस,
बाळासोचा रामराम.

इकडे पाऊस उघडलाय, म्हशी बऱ्या आहेत. तुमची बहीण शालू नवरात्राच्या उपासातही माझ्यावर ओरडण्याइतकी ठणठणीत आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून केरबाच्या हाती कागलला हे पत्र देतोय. बारशाच्या पंगतीत मी तुमची बीजप्रक्रिया चारचौघांत चुकीची ठरवली, तेव्हापासूनचा हा राग. प्रक्रिया चुकलीच होती. पण तिथं बोलायला नको होतं.

"पावणं, गव्हाला सलाईन लावता व्हय?" असं तुम्ही, मी बी भिजवून पेरायला सांगितल्यावर, म्हणाला होता. त्याच सलाईनविषयी लिहायचंय.

आमच्या रानाला मीठ फुटलंय, आणि घटाला माती त्याच रानातली लागते. गेल्या वर्षी घटात काही उगवलं नाही, आणि दिवाळीनंतर आमच्या मोनाचं सासरी पोट पडलं. शालूनं दोन्हीची गाठ मारली. खाऱ्या मातीत बियाला पाणी ओढता येत नाही, हे मी तिला कितीदा समजावलं. ती ऐकून घेते आणि देवीला हात जोडते.

यंदा मोना आठव्या महिन्यात माहेरी आली. म्हणून घट बसायच्या आधी घटाचा गहू मी गुपचूप पोटॅशियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवला. लिटरला पाच ग्रॅम, काट्यावर तोलून. रात्रभर ठेवला, स्वच्छ धुतला, सावलीत सुकवून परत डब्यात. मायलेकींच्या जिवाला घोर नको, एवढंच मनात होतं.

उगवण अशी झाली की गल्लीतल्या बायका बघायला येतात.

काल डॉक्टरांनी मोनाचं बीपी घेतलं. वरचं एकशे साठ, पायांवर सूज. उद्या सोमवारी सकाळी शाहूपुरीच्या दवाखान्यात दाखल करा, अजिबात लांबवू नका, आणि डोळ्यांपुढं काही चमकलं तर त्याच क्षणी निघा म्हणाले. शालू म्हणते, दसऱ्याला घट उठल्यावर जाऊ. "आईनं एवढा कौल दिलाय न्हवं? मग डॉक्टरचं काय घेऊन बसलाय?" मोना आईच्या शब्दाबाहेर नाही.

तो कौल माझा आहे, आकारामराव. पाच ग्रॅमचा.

शालूला हे अजून सांगितलेलं नाही. शालू पुन्हा माझं तोंड बघणार नाही, ही भीती आहेच. त्याहून वाईट म्हणजे, बायका देवीचं कौतुक करत होत्या आणि मी मनातल्या मनात ते माझं म्हणून घेत होतो. कालपर्यंत मला बरं वाटत होतं.

वाटलं, तुम्ही यावं आणि तुम्हीच सांगावं. थोरल्या भावाचा शब्द ती मोडत नाही.

इथवर लिहिलं आणि आतून मोनानं विचारलं, "आण्णा, डोळ्यापुढं काजवं का चमकत्यात ओ?"

आता तुमची वाट बघत नाही. शालूला मीच सांगतो, आणि शेजारची गाडी काढून मोनाला घेऊन निघतो. शालू माझ्या गाडीत बसेल की नाही, माहीत नाही. नाही बसली, तर तुम्ही तिला शाहूपुरीत घेऊन या. लेकीला ती जवळ हवी. माझ्याशी नाही बोललात तरी चालेल.

मोनाचा बाप,
बाळासो