सुमनच्या वहीतले ‘अवरु’

६ जानेवारी, मंगळ.
दिवसभर चिकोडीला. बैठक दोन तास उशिरा, बातमी चार ओळींची. संध्याकाळी घरी आलो तर सुमन ओट्याशी उभी, भाकऱ्या थापत.
“कसं आहे?”
“बरं हाय.”
दुखणं सुरू झाल्यापासून सहा वर्षं हेच ऐकतोय. लिंग, वचन, विभक्ती कशानंही न बदलणाऱ्या शब्दाला अव्यय म्हणतात. आमच्या घरचं अव्यय हे.
टेबलावर तिची नवी वही. बेळगावच्या फिजिओनं सांगितलंय म्हणे. रोजचं दुखणं लिहायचं, पुढं शून्य ते दहात आकडा द्यायचा. कालपासून सुरुवात. उघडून पाहिली. सगळं कानडीत.

७ जाने., बुध.
“मराठीत का लिहीत नाहीस?”
“संकेश्वरात कानडी शाळेत शिकले की मी. हाताला तेच वळण.”
“मला वाचता येत नाही.”
“तुमच्यासाठी न्हाय ते.”
हसून म्हणाली. न हसता म्हणाली असती तर भांडता आलं असतं.
सीमाभागात तीस वर्षं वार्ताहरकी केली. कानडी कळतं, पोटापुरतं बोलतोही. वाचायला मात्र कधी शिकलो नाही. सरकारी कागद आला की शेजारचा झेरॉक्सवाला वाचून दाखवतो. ही वही त्याच्याकडं कशी नेणार?

८ जाने., गुरु.
सु. सकाळच्या बसनं बेळगावला. अनगोळात एका दवाखान्याच्या माडीवर दर गुरुवारी दुखणेकऱ्यांची बैठक असते. आठ-दहा जणं चटईवर बसतात, हातपाय हळू हलवतात, मग बोलतात. रक्त, क्ष-किरण, एमआरआय सगळं सहा वर्षं स्वच्छ येत होतं. दिवाळीनंतर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं: फायब्रोमायल्जिया, अंगभर स्नायू दुखण्याचा आजार. नाव मिळालं त्या दिवशी ही रडली. मी म्हणालो, बारशाला कुणी रडतं होय?
पाच वाजता परत आली. चेहरा धुतल्यासारखा. बसवराज सरांनी (तोच फिजिओ) खांद्याचं शिकवलं, बसवराज सर म्हणतात घाई करायची न्हाय, बसवराज सरांच्या आईला पण असंच होतं. चहा संपेपर्यंत अकरा वेळा हेच नाव. मोजलं.

१० जाने., शनि.
फिजिओला मदत व्हावी (म्हणजे त्याला दिसावं की हिच्या घरीही शब्द आहेत) म्हणून यादी करून दिली: कळ, चमक, सणक, ठणका, ठसठस, शूळ, पीडा, व्यथा. अर्थच्छटांसह, दोन पानं.
सु.नं नीट वाचली. “छान हाय. ह्यातलं एक पण न्हाय.”
“मग कसं दुखतं?”
“बरं हाय आता.”

१२ जाने., सोम.
सदलग्याला गेलो, नदीकाठच्या गाळाची बातमी. रात्री जेवायला परत. वांग्याची भाजी उत्तम झाली होती, तिला तसं म्हणालो. लांबून परतलेल्या माणसाला वाढावं तसं तिनं वाढलं.

१५ जाने., गुरु.
आज मीही गेलो. ‘बेळगावात काम आहे’ म्हणून. काम हेच.
बसवराज पस्तिशीचा, सडपातळ, आवाज मऊ. हिला ‘अक्का’ म्हणतो. ज्याला ओवाळावं लागत नाही असा भाऊ. मला म्हणाला, “सर, तुमी जरा भायेर बसा हं. घरचे असले की पेशंट खरं सांगत न्हाईत.”
बाहेर बसलो. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. आत सु.चा आवाज. सलग, न थांबता, कानडीत. ‘जग्गिदंग आगतैति’ एवढं कळलं. ओढल्यासारखं होतं. कुठून कुठं ओढल्यासारखं ते कळलं नाही. मग कुणीतरी काही बोललं आणि आत सगळे हसले. ही सगळ्यांत मोठ्यानं.
माझ्या कोट्यांवर ती हसते, ते ओठांनी.
येताना बसमध्ये तोंडात तिळगूळ धरून बसलो. गोड बोलण्याची सोय नव्हती.

१६ जाने., शुक्र.
षड्रिपूंच्या यादीत मत्सर शेवटचा. माझ्याकडं रांग मोडून आला.
आज निपाणी स्टँडवर तासभर बसच्या पाट्या वाचल्या. अथणीच्या पाटीवरून अ मिळाला. बेळगावीच्या पाटीवरून व. बेंगळूरुच्या शेवटावरून रु. घरी आलो. सु. अंघोळीला गेलेली. वही उघडली आणि पहिलाच वाचता आलेला शब्द: अवरु.
अवरु, म्हणजे ‘ते’. आदरार्थी.
कोण ते?

१८ जाने., रवि.
पुन्हा पाहिली वही. (लिहिताना लाज वाटतेय. म्हणूनच लिहितोय.) बाकीच्या दिवशी आकडे सात, आठ, सात. सहा तारखेला ‘अवरु’, मग एक न लागणारा शब्द, आणि पुढं तीन. बारा तारखेला पुन्हा ‘अवरु’, तोच न लागणारा शब्द, पुन्हा तीन. शब्द आखूड आहे. शेवटच्या अक्षराच्या पायाशी दुसरं अक्षर लोंबतंय. जोडाक्षर. आयुष्यभर संस्कृतची जोडाक्षरं मिरवली, आणि अडलो ते ह्या एकापाशी.
ही रोजनिशी काढून तारखा ताडल्या. सहाला मी चिकोडीला. बाराला सदलग्याला.
म्हणजे मी घरात नसतो त्या दिवशी ‘ते’. आणि ते असले की दुखणं अर्ध्यावर.
निपाणी ते बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर, तेव्हा येत नसणार. पण फोन आहे. फोनवर चेहराही दिसतो हल्ली.

२० जाने., मंगळ.
संकेश्वरला साखर कारखान्याच्या बातमीला जातो, संध्याकाळ होईल, असं सांगून निघालो. खरंच गेलो. हिच्या थोरल्या बहिणीकडं, आक्कांकडं, दहा मिनिटं टेकलो. गुळाचा चहा झाला.
“आक्का, तो बसवराज कसा माणूस आहे?”
“लई गुणाचा, दाजी. आमची सुमी मुकी झालती, त्यानं तिला बोलती केली.”
“मुकी? माझ्याशी बोलते की.”
आक्का कप उचलून आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या त्या शेवग्याच्या शेंगा घेऊन. “घेऊन जावा.” विषय संपला.
पुढची बस धरून एकच्या सुमारास घरी. दार नुसतं ओढलेलं. हळूच उघडलं. (ह्या वयात!)
सु. बाहेरच्या खोलीत मधोमध जमिनीवर उताणी. पोटऱ्या माझ्या खुर्चीवर, केस मोकळे, डोळे मिटलेले, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत. फोन लांब, चार्जिंगला. घरात दुसरं कुणी नाही.
मला पाहिलं आणि उठलीच. पाहुणा आल्यासारखी पदर सावरत, एका हातानं कंबर धरून. “आलात? चहा टाकते.”
मला वाटलं होतं मी कुणाला तरी पकडेन. पकडली तिलाच. काय करताना, ते अजून कळत नाही.
संध्याकाळी वहीत आजचा आकडा: सात.

२२ जाने., गुरु.
सु. बैठकीला गेलेली. तिला उतरवून घ्यायला चारपासून स्टँडवर. कँटीनच्या दारात पाटी, वर खडूनं कानडी, खाली मराठी: ‘जेवण नाही’. रोज असते. आज नीट पाहिली. वरच्या ओळीतला दुसरा शब्द ओळखीचा निघाला. तोच आखूड, तेच पायाशी लोंबणारं अक्षर.
इल्ल.
बेळगाव जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरालाही कळणारा शब्द. इल्ल. नाही.
अवरु इल्ल. ते नाहीत. तीन.
सहाला घरात कोण नव्हतं? बाराला कोण नव्हतं?
तिची बस आली. पिशवी घ्यायला हात पुढं केला तर म्हणाली, “तुम्ही कशाला आलात, मी आले असते की.” रिक्षात मी पिशवी मांडीवर धरून बाहेरच्या पाट्या वाचत राहिलो. तिनं दोनदा माझ्याकडं वळून पाहिलं.

२३ जाने., शुक्र.
सकाळी चहाबरोबर बोललो.
“वही वाचली मी.”
“म्हाईत हाय. मी तिरकी ठेवते, तुम्ही सरळ ठेवता.”
“अवरु म्हणजे मी?”
“मग काय नाव घेऊ? कानडीत नवऱ्याला अवरुच म्हणत्यात.”
“मराठीत तू मला ‘हे’ म्हणतेस. ‘हे’ जवळचं. कानडीतही जवळच्याला इवरु आहे. तू ‘ते’ लिहिलंस.”
(माझ्या तोंडून निघालं ते हे! घर जळताना मी कौलांचं व्याकरण तपासणार.)
“लिहिताना तुम्ही घरात नसता. लांबचेच की मग.”
“आणि लांब असलो की तीन. का?”
तिनं कपाचा कान स्वतःकडं फिरवला.
“तुम्ही असला की मला बरी असावं लागतं. त्यालाच लई ताकद लागती.”
“मी कधी म्हणालो बरी अस म्हणून?”
“पहिले रिपोर्ट चांगले आलते. तुमच्या पेपरातली माणसं चहाला आलती. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”
आठवतंय. मीच ती कोटी पुढं चार ठिकाणी वापरली. ‘हिची वेदना म्हणजे वेदान्त. दिसत नाही, पण आहे म्हणायचं.’ सगळे हसले. ही पण हसली, बशीत चिवडा वाढत.
“त्या दिवसापासनं मी बरी हाय,” सु. म्हणाली. रागानं नाही. बातमी सांगावी तशी.

२४ जाने., शनि.
काहीही लिहवत नाही. आज बातमीही पाठवली नाही.
न्यायशास्त्रात अभाव हा एक पदार्थ मानलाय. नसणं हीसुद्धा एक वस्तू. कॉलेजात ह्यावर आम्ही खिदळलो होतो. आमच्या घरात तो पदार्थ औषधासारखा लागू पडतो.
बसवराजचा हेवा करणं सोपं होतं. त्याला नाव होतं, मऊ आवाज होता. आता हेवा वाटतो तो माझ्याच गैरहजेरीचा. त्या गैरहजेरीनं हिला जमिनीवर उताणं झोपलेलं पाहिलंय, गुणगुणताना ऐकलंय. सहा वर्षं ती ह्या घरात माझ्यापेक्षा जास्त सुखानं नांदतेय.

२७ जाने., मंगळ.
तीन दिवस मुद्दाम घराबाहेर. तंबाखूच्या वखारीत बसलो, ग्रंथालयात बसलो, काल तर कामाशिवाय गडहिंग्लजला जाऊन आलो. आज सु.नं दारातच गाठलं.
“कुठं हिंडताय उन्हातान्हाचं?”
“तुला तीन यावेत म्हणून.”
“आता मला म्हाईत हाय न्हवं का तुम्ही का जाताय ते! मग मी पडून तुमचीच काळजी करत बसते. काल सहा आलाय. बघा, वाचता येतंय की आता.”
म्हणजे मी असूनही चालत नाही, नसूनही. मुळाक्षरं चुकली की समास कुठून सुटणार?

२९ जाने., गुरु.
बैठकीहून आली ती दमलेली. रात्रीची गोळी लवकर घेतली. मग अंथरुणावर बसूनच म्हणाली, “पुढच्या गुरुवारी घरच्यांना बोलवलंय. आत. चटईवर.”
“येऊ?”
“तुम्ही असला तर मला तिथं तोंड उघडेल का, मला म्हाईत न्हाय.”
“मी कोटी करणार नाही.”
“त्याची भीती न्हाय. तुम्ही गप बसलात तर काय करायचं, त्याची हाय.”
ती बाकीच्यांना सहा वर्षांचं सगळं सांगून बसलीय. त्या खोलीतल्या अनोळखी आठ माणसांना ठाऊक आहे की माझ्या बायकोला कुठं ओढल्यासारखं होतं. ते लोक बसमध्ये भेटले तर मी उठून जागा द्यायची की भांडायचं?

१ फेब्रुवारी, रवि.
आज बातमी नाही. दिवसभर घरी. न्याहारी झाली, पेपर झाला. खुर्चीत बसून होतो. तीनच्या सुमारास सु. चटई घेऊन बाहेरच्या खोलीत आली. माझ्यासमोर उभी राहिली.
“जरा सरका.”
सरकलो. तिनं चटई टाकली. बसली, मग एका कुशीवर झाली, मग हळूहळू उताणी. खाली जाताना चेहरा किती आवळतो, ते इतक्या जवळून मी पाहिलेलं नव्हतं. खुर्चीतून उठायला लागलो तर म्हणाली, “खुर्ची नको. उशी चालतीय.” उशी आणून दिली. तिनं पायाखाली घेतली.
डोळे मिटले. गुणगुणणं नाही. कपाळावर आठी आहे.
‘कुठं?’ हा प्रश्न तोंडाशी आला. ‘किती?’ हाही. दोन्ही गिळले. ते गिळताना आवाज झाला असावा, कारण तिनं एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला.
चार वाजता फोन वाजला. महामार्गावर उसाचा ट्रॅक्टर उलटलाय, कुणाला लागलेलं नाही, पण वाहतूक ठप्प. फोटोसह हवं, लगेच. फोन ठेवला.
“जाणार?” डोळे मिटूनच.
मी विचारलं, “जाऊ का?”
झोपलेली नाही, उजव्या हाताचा अंगठा हलतोय. ती विचार करतेय की मला टाळतेय, ह्याची मला परीक्षा नाही, बसवराजला असेल. फोन पुन्हा दोनदा वाजून थांबला. मी ही रोजनिशी मांडीवर घेऊन बसलोय आणि पेनाची कुरकुर तिला लागू नये म्हणून सावकाश लिहितोय.
पाच वाजून दहा. अजून ती काही म्हणाली नाही, मीही गेलो नाही.