बरणीतली वाळू

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांनी आत्ता तिसऱ्यांदा बरणी उचलली आणि शेजारच्या खोलीतून ओरडून सांगितलं, की आज मूठभर वाळू वाढव. मी त्यांच्यासमोर वाढवली. ते आंघोळीला गेले की दोन मुठी काढून घेईन. गेला महिनाभर हेच चाललंय.

अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात जेवढा परत यायचा तेवढा आलाय, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाबांना कोण सांगणार? सगळं आयुष्य कुंग फू शिकवण्यात गेलेल्या, पोरं मागून ज्याला ‘चिमटा’ म्हणायची त्या माणसाला? घरी आले त्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून ती चिनी मातीची बरणी काढायला लावली. आपल्याला शिकवायचे तसंच. बरणीचा गळा वरून पाचही बोटांनी धरायचा, उचलायची, धरून ठेवायची. जमलं की वाळू वाढवायची. पहिल्या दिवशी बरणी हललीसुद्धा नाही. ते जेवले नाहीत. म्हणून मी वाळू काढली. त्या हाताला वजन धड कळत नाही, आणि डाव्याची मदत घ्यायची नाही हा त्यांचाच नियम.

आज स्वारी खुशीत आहे. माझी पकड भिजलेल्या बिस्किटासारखी आहे म्हणाले. तुझ्या लेकीचं वजन किती झालं, तेही विचारत होते.

ओरडून झालं की लोभ पूर्वीसारखाच राहू दे.

तुझा धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ओरडणारच होते, पण मीही तेच केलं असतं. दोन बोटांनी फळी फोडणारा माणूस चमचा धरता येत नाही म्हणून ताट सरकवतो, हे मला बघवलं नसतं.

पण गाढवा, आता थांब. काल बाबांचं पत्र आलं. उजव्या हाताने लिहिलेलं, दोनच ओळी, अक्षरं एकमेकांवर पडलेली. बरणीत आता माझ्या लेकीपेक्षा जास्त वाळू आहे, दारातच तिला घेणार, याच हाताने, असं लिहितात.

आम्ही सतरा तारखेला, रविवारी येतोय. त्यांनी हात पुढे केला तर मला नाही म्हणता येणार नाही, आणि तिला देताही येणार नाही. ती अजून मानसुद्धा धरत नाही रे. त्याआधी त्यांना सांग. तोंडातून शब्द फुटत नसेल तर वाळू परत भर.

रागावलेली असले तरी तुझीच,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भरली. पहिल्या दिवशी होती तेवढीच.

सकाळी त्यांनी गळ्याला बोटं लावली. बरणी हलली नाही. खांदा वळवून पाहिला, श्वास सोडून पाहिला. मग डावा हात खाली घातला आणि तोलून पाहिली. बराच वेळ. कालपर्यंत किती होती, असं विचारलं. मी म्हटलं, काहीच नव्हती.

मारलं असतं तर बरं झालं असतं. वर्गात कुणी हे केलं असतं तर त्याला हाकलला असता, एवढंच म्हणाले. ताईला ठाऊक आहे का, विचारलं. मी हो म्हटलं. मग तेलाची वाटी मागितली आणि सराव संपल्यावर आपल्याला करायला लावायचे तसं, उजव्या हाताचं एकेक बोट चोळत बसले.

रविवारी पहाटे मी वर्गातल्या पोरांना घेऊन स्पर्धेला निघतोय. सोमवारी रात्री येईन. पळतोय म्हण हवं तर.

माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


१७ मार्च, संध्याकाळ

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पळपुट्या, हे टेबलावर ठेवून जाते. तुझं पत्र काल मिळालं.

दार बाबांनीच उघडलं. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. दोन्ही हात पाठीमागे, वर्गासमोर उभे राहायचे तसे. मी मुलीला पुढे केलं. खालून माझा हात ठेवायचा असं ठरवूनच आले होते. ते म्हणाले, झोपलीय, राहू दे. ती टक्क डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होती.

दिवसभर बोलले तिच्याशी, लांबूनच. मूठ घट्ट आहे म्हणाले, पण अंगठा आत घेते, असा ठोसा मारला तर मोडून घेईल. आम्ही दोघं हसलो. बरणी कुठे दिसली नाही. मी विचारलं नाही.

तू चुकलास असं मी कुणाला म्हणू देणार नाही. बाबांनाही नाही. तब्येतीला जप, आणि त्यांच्यासमोर जेवायला बसत जा.

तुम्हा दोघांची,
ताई

ता. क. सकाळ झाली, आम्ही निघतोय. बाबांनी माझी पिशवी डाव्या हाताने उचलून फाटकाजवळ नेऊन ठेवली. मुलीला त्यांनी घेतलं नाही.